बाईंचं स्टूल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे संचालक महोदय. व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे. ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण जमलो त्या माझ्या मार्गदर्शक, आमच्या बाई. आणि चहाचा वास येत असूनही जागा न सोडणाऱ्या श्रोत्यांनो, सर्वांना माझा नमस्कार.

आजचा निरोप फक्त बाईंना आहे की मलाही, हे मला सकाळपर्यंत माहीत नव्हतं. पण आधी बाईंचं काम सांगते, तेही माझ्या आत्याला कळेल असं. ती दुसऱ्या रांगेत बसली आहे.

आत्या, गर्भात अगदी सुरुवातीला काही पेशींचं काहीच ठरलेलं नसतं. शेजारच्या पेशी मात्र त्यांना सारख्या सांगत असतात, त्वचा हो, त्वचा हो. हे सांगणं अडवणारी काही जनुकं असतात. ती जागी झाली, की तीच पेशी मेंदूच्या वाटेला लागते. म्हणजे तिला ढकलावं लागत नाही, सल्ला देणाऱ्यांना थोपवावं लागतं. मी पेशींबद्दल बोलतेय, आत्या. मनाला लावून घेऊ नकोस.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. त्यामुळे निकालाबरोबर घरात सल्लागार मंडळच स्थापन झालं. बँकेची परीक्षा दे, शिक्षिका हो, निदान घरी तरी ये. मी मात्र बाईंकडे संशोधनाला लागले. शेवटी माझे बाबा, जे शिंपी आहेत, मला न्यायला थेट प्रयोगशाळेत आले.

आम्ही असंच एक जनुक मूळ पेशींमध्ये जागं केलं होतं आणि त्या संध्याकाळी निकाल बघायचा होता. पेशींच्या उबेच्या पेटीचं दार सारखं उघडलं की ऊब मोडते. म्हणून बाईंची पद्धत अशी, की प्रयोगाच्या शेवटच्या दिवशी पेटीसमोर स्टूल टाकून कुणीतरी राखणीला बसायचं.

बाई बाबांना म्हणाल्या, "मुलीला खुशाल न्या. पण संध्याकाळपर्यंत इथे बसाल का? दार कुणालाही उघडू देऊ नका."

बाबा बसले. दुपारी बाई स्वतःच आल्या, तर बाबांनी पाय आडवा घातला.

"अहो, पेटी माझी आहे."

"असेल. मला कुणालाही नाही असं सांगितलंय."

बाई निमूट परतल्या. संचालक महोदय, त्या दिवशी आपणही परतला होतात.

संध्याकाळी बाबांनी सूक्ष्मदर्शकात डोकावलं. विखुरलेल्या पेशी पाकळ्यांसारख्या गोल मांडून बसल्या होत्या. मेंदू घडण्याची ती पहिली खूण.

"हे कुणी मांडलं?" बाबांनी विचारलं.

"कुणीच नाही. तुम्ही कुणाला मध्ये येऊ दिलं नाहीत, एवढंच," बाई म्हणाल्या.

बाबांनी पुन्हा एकदा डोकावलं. मग मला म्हणाले, "राहा. बाई आहेत तोवर."

आणि आता बाई चालल्या. घरी मंडळाची बैठक पुन्हा भरली. माझा प्रबंध अर्धाच झालाय. बाबा मात्र बैठक सोडून शिलाई मशीनवर बसलेले.

आज सकाळी ते त्या स्टुलासाठी नवी गादी शिवून घेऊन आले. मी म्हटलं, "बाईंना आवडेल."

"त्यांना कशाला?" बाबा म्हणाले. "त्या चालल्या. आता तू बसणार ना?"

बाई, तुमचे आभार कसे मानावेत ते मला अजून कळत नाही. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर आपण सर्वांनी, आणि आत्यानं जरा जास्तच, पोटात घालावं.

चहाला मी थांबत नाही. आज पेशींचा शेवटचा दिवस आहे आणि स्टूल रिकामं आहे.