वेल, तार आन् दोन घुंड्या

...आन् वरून मलेच विचारतात, "पांडुरंगराव, हा भंगार डबा अजून काऊन ठेवला?" भंगार! तुमाले सांगतो, माह्या घरात माहं ऐकणारा हा एकच जीव आहे, आन् त्यालेच भंगार म्हणता? मी मुधोळचा, तीस वर्सं झाली लायसन काढून हौसेचा, म्हणजे हॅम रेडिओ चालवून राह्यलो, रोज सकाळी साताले तलमडुगूच्या वामनरावांशी बोलतो. रेडिओतून आवाज निघते किरकोळ, हा डबा त्याले दणदणीत करते. पोटात काचेचे दोन व्हॉल्व्ह, तोंडावर फिरवाच्या दोन घुंड्या. बस, दोन घुंड्या! सारा मामला तिथंच आहे.

तर दसऱ्याले आमचा तेलंगणातला जिल्हा फुटला. एका आदिलाबादचे चार झाले, आमी जागचे न हलता निर्मल जिल्ह्यात गेलो आन् वामनराव आदिलाबादमधेच राह्यले. नवा जिल्हा म्हणजे नव्या याद्या. गोदावरीले पूर आला, फोन बंद पडले, तर निरोप कोणाच्या रेडिओवरून द्यायचे, त्याची बी यादी. माहं नाव घालायचं का नाई ते पाहाले तहसीलदार येणार म्हणे. अरे, मागच्या पुरात बासरच्या बाजूचे दोन दिवसांचे निरोप मीच दिलते ना, याच डब्यावरून! आन् आता मी उमेदवार? पण यादीत मले यायचंच होतं. नाई आलो असतो तर जीवाले लागलं असतं.

तेवढ्यात माहा पुतण्या सुधाकर हैदराबादहून नवं मशीन घेऊन हजर. चपटं, चकचकीत, घुंडी एक नाई. "काका, यात कॉम्प्युटर आहे, ते आपलं आपणच सगळं पाहाते." आन् मले न विचारता पोरानं भंगारवाल्या फकिराले सांगावा बी धाडला. फकिरा दारात पोतं पसरून बसला आन् माह्या डब्याकडे असा पाहून राह्यला, जसा खाटीक बोकडाकडे.

तहसीलदार आले, वामनरावांच्या वेळेलेच, सकाळी साताले. सुधाकरनं बटण दाबलं. टूं... लाल दिवा, बंद. परत दाबलं. टूं... बंद! "काका, तारेत बिघाड आहे." गेले सगळे अंगणात. पाहातात तर काय, माह्या एरियलच्या तारेवर वालाचा वेल! माह्या बायकोनं, गयाबाईनं, मांडव म्हणून माही तारच धरलती, खांबापासून बाभळीपर्यंत शेंगाच शेंगा.

तहसीलदार तेलुगू माणूस, वालाच्या शेंगा पाहून खूश झाले. "अरे, चिक्कुडकाया! बस, इसको काट दो."

गयाबाई शेंगा काढाले निघालती, हातात विळा. शांतपणे म्हणते, "जिल्हा तोडला, मी काई बोलली नाई. वेलाले हात लावून पाहा."

कोण लावते हात? तहसीलदार दोन पावलं मागं. सुधाकर समजावते, "काकू, ओल्या वेलानं मशीनले धोका असते, म्हणून ते स्वतःले वाचवाले बंद होते." स्वतःले वाचवते? लोकं पुरात बुडून राह्यले आन् हे स्वतःले वाचवते? मंग ते मशीन आहे का सरकारी नोकर? ...हे मी तहसीलदाराच्या तोंडावर बोललो, मंग जीभ चावली.

सरळ डबा लावला. व्हॉल्व्ह तापाले दोन मिनिटं लागतात, तवर फकिरा पोत्याची घडी करेना. मंग एक घुंडी जराशी इकडं, दुसरी जराशी तिकडं, परत पहिली. वेलाशी भांडून चालत नाई, समजूत काढावी लागते. नव्याले तार पुस्तकात लिहिली तशीच पाहिजे, आन् याले दोन घुंड्या आहेत, हे जशी तार असन तशी चालवून घेते. व्हॉल्व्ह लालबुंद झाले, पण बंद पडले नाईत. "वामनराव, ऐकू येते का?"

"येते ना बाप्पा, हळू बोला, कान फाडता का?"

डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाले सांगू. दोघांचे जिल्हे दोन झाले, पण माणूस जागच्या जागी होता.

तहसीलदारांनी नाव लिहिलं. फकिराच्या रिकाम्या पोत्यात गयाबाईनं ओंजळभर शेंगा टाकल्या. आता कोणी विचारलं तर ताठ मानेनं सांगतो, दोन घुंड्या आहेत, वेलासकट बोलते, तुमचं बोलते का? पण तुमी घरचे म्हणून सांगतो, जिंकला तो वेल. आता तर तो सरकारी यादीतल्या तारेवर आहे, कोणाची छाती आहे तोडायची? एका जिल्ह्याचे चार झाले, माह्या ताटात मात्र दोन्ही वेळेस वालाच्याच शेंगा... आन् या भाजीले घुंडी नाई.