मार्गोबाई रडल्या त्याची गोष्ट

...आणि वर मलाच म्हणतात, "अर्नेस्टीन, जरा आवाज खाली!" आता तुम्हीच सांगा, आवाज चढवला होता का मी? अहो, घरून निघताना आरशासमोर उभी राहून स्वतःला बजावून आले होते, बाई गं, हळू बोल, गोड बोल, हसून बोल! गोऱ्या बाईनं टेबलावर मूठ आपटली तर ती तडफदार, आणि मी काळी बाई नुसता चष्मा पुसायला लागले तरी ह्यांना वाटतं, आता ही कुणाला तरी बडवणार!

तर तुम्हाला सांगते, ह्या मिनेसोटाच्या थंडीत कुडकुडत इतकी वर्षं विद्यापीठात संवादशास्त्र शिकवतेय, आता कुठे नोकरी कायम व्हायची वेळ आली, त्यासाठी विभागासमोर आपलं संशोधन मांडायचं, मग त्यांनी मत द्यायचं. झाले कायम तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळून अटलांटाला आईकडे! आणि माझा विषय काय? सभेत काळी बाई काही खुपणारं बोलली की गोरी बाई रडते, ती रडली की सगळी सभा तिच्याकडे धावते, आणि मुद्दा बसतो बोंबलत... आईनं फोनवर आधीच झापलं होतं, "पोरी, ज्यांच्या हातात वाढायची पळी, त्यांच्याच स्वयंपाकाला नावं ठेवतेस?" मी म्हटलं, "आई, हे विद्यापीठ आहे, इथं पुरावा बघतात." हसा, हसा!

पहिल्याच रांगेत मार्गो लिंडक्विस्ट, आमच्या स्त्री-अभ्यास केंद्राच्या प्रमुख. मनानं वाईट नाही हो! प्रत्येक मोर्चात पुढे, छातीवर बिल्ला, 'आपण साऱ्या बहिणी'. आता बहिणी म्हटलं की एक थोरली आणि एक धाकटी आलीच, पण थोरली कोण हे विचारायचं नाही! मी अगदी साखर पेरत म्हटलं, "बायकांचा लढा म्हणतो आपण, पण त्यातल्या 'बायका' कोण, हे ठरवतं कोण?" बस्स, एवढंच! आवाज चढवला होता का मी?

मार्गोबाईंची हनुवटी थरथरली. मग नाक लाल. मग... "अख्खं आयुष्य वेचलं मी... आणि मला... मला वर्णद्वेषी म्हणतेस?" अहो, नाव कुणी घेतलं तुमचं! पण ऐकतंय कोण? विभागप्रमुख हाल्व्होर्सन स्वतः पाणी घेऊन धावले, एकीनं पाठ चोळली, एकानं बाहेर बर्फ पडत असताना खिडकी उघडली, मागून कुणीतरी, "श्वास घे, मार्गो, लांब श्वास..." आणि माझ्या मागे पडद्यावर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत माझंच वाक्य, 'या क्षणी सभेचं लक्ष रडणाऱ्या व्यक्तीकडे वळतं'! एकानं तरी बघावं की नाही पडद्याकडे? वळला एक जण, नाही असं नाही. म्हणाला, "अर्नेस्टीन, रुमाल आहे का गं तुझ्याकडे?"

दिला. वर मार्गोबाईंना 'माफ कर' म्हटलं, कशाबद्दल ते देवाला ठाऊक! तिनं मला मिठी मारली, म्हणाली, "केलं माफ!" आणि टाळ्या! माझ्या व्याख्यानात एकदाच टाळ्या पडल्या, त्याही तिला!

काल हाल्व्होर्सननी बोलावलं, मऊ मऊ आवाजात, "तुझी तळमळ भिडली बघ सगळ्यांना. नोकरीचं पुढच्या वर्षी पुन्हा बघू. विषय छान आहे, पण समितीचं म्हणणं, असं खरंच घडतं ह्याला पुरावा कमी पडतो."

चष्मा तेवढा पुसला, खोटं कशाला बोलू. पण आवाज? नाही चढवला. बाहेर आले तर दारातच मार्गोबाई, डोळे डबडबलेले, "तुझं कळलं गं... मला इतकं वाईट वाटतंय... मला जरा धर!"

धरलं. पाठ थोपटली, म्हटलं, "रड गं, मनसोक्त रड. पुरावा कमी पडतोय."