आत्याची उद्याची मीटिंग

नौपाड्यातल्या दातांच्या दवाखान्यात दौलतराव दाढ धरून बसले होते. कान मात्र शेजारच्या बाकावर होते.

"काय गो कल्पिता, पीएचडी झाली ना? मग अजून कसली शिकवणी?"

"पोस्टडॉक, आत्या, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन. उद्या मीटिंगमध्ये काम मांडायचंय. माझ्या गाईड मॅडम म्हणतात, आधी घरच्यांना समजाव, त्यांचा प्रश्न लिहून आण."

"मग समजाव."

"किती पावसाला दिवा गावात पाणी भरेल, ते माझा कम्प्युटर आधीच सांगतो."

"आणि उधाणाची भरती? मिठागरात आम्ही पावसाआधी अमावास्या बघायचो."

"अगं, कम्प्युटरमध्ये भरती घालायची राहिलीच! थांब, मॅडमना सांगते... हॅलो मॅडम... हो, आत्यानेच पकडलं... आत्या, उद्या तुलाच बोलावलंय."

"येईन. पण कवळी लावून."

"दौलतराव, चला आत," कंपाउंडरने हाक मारली.

"आधी यांना घ्या," दौलतराव म्हणाले, "यांची उद्या मीटिंग आहे."