नक्की काढायचं?

हिंजवडीत माझं काम एवढंच, की ॲप वापरताना माणूस कुठे अडतो ते बघायचं आणि ती जागा सोपी करायची. बघताना मध्ये बोलायचं नाही, हा आमचा नियम. तर परवा कर्वेनगरहून अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोन. "अरे, एक नंबर डिलीटच होत नाहीये. फोन बिघडलाय."

गेलो. म्हटलं, "माझ्यासमोर करून दाखवा," आणि शेजारी गप्प बसलो.

अप्पांनी आईचं नाव उघडलं. आई जाऊन दोन वर्षं झाली. तिचा नंबर आता दुसऱ्याच कुणाला मिळालाय, आणि अप्पांचा हात सवयीने तिकडेच जातो. त्यांनी डिलीट दाबलं. फोनने विचारलं, 'नक्की काढायचं?' अप्पांनी चष्मा सारखा केला, शांतपणे वाचलं आणि 'नाही' दाबलं.

मी नियम मोडला. "अप्पा, तिथे 'हो' दाबायचं असतं."

"तो विचारतोय ना? मग खरं ते सांगायला नको?"

मी फोन हातात घेतला, नुसता नंबर पुसला आणि आईचं नाव तसंच राहू दिलं. या वेळी फोनने काहीच विचारलं नाही.