पलंगाची खोकी

मोडक्या स्टुलाला पाय बसवून घ्यायला आलेली शिक्षिका सुताराच्या दुकानात थांबली होती. तिच्यापुढे साठीतलं एक जोडपं होतं आणि त्यांचा जुना सागवानी पलंग.

"याची गच्चीवर भाजी लावायला खोकी करायचीत," बायको म्हणाली.

"लाकूड खणखणीत आहे. कापायला मन होतंय का?" सुताराने विचारलं.

"माझं नाही होत," नवरा म्हणाला. "आईचा पलंग आहे."

"त्यांनीच सांगितलंय."

"मला तर कधी बोलली नाही."

"माझ्याशी बोलायच्या, अंग पुसताना. म्हणायच्या, या पलंगावर पुन्हा कुणी आजारी पडून राहायला नको. यात काहीतरी उगवू दे."

"कधी म्हणाली?"

"चार वर्षांत कितीदा तरी. तुम्ही दारातूनच विचारायचात, जेवलीस का म्हणून. आणि कामाला निघायचात."

"मला बघवायचं नाही गं तिच्याकडे."

"ठाऊक होतं त्यांना. म्हणायच्या, पोरगा हळवा आहे, त्याच्यावर चिडू नकोस."

सुतार उगाचच फळीवरून हात फिरवत राहिला. शिक्षिकेने मांडीवरचं स्टूल हलकेच खाली ठेवलं.

"मग काय ठरलं?" सुताराने विचारलं.

"खोकी करा," नवरा म्हणाला. "पण जमिनीलगत नकोत. उंच पायांवर घ्या, कमरेएवढी. आईला उचलून उचलून हिला आता वाकवत नाही."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. मग पर्समधून मापांचा कागद काढला, त्यावरची उंची खोडली आणि कागद सुतारापुढे धरला.