राजीच्या दंडावरची चकती

ती चकतीवर लावायची चिकटपट्टी आत ठेवा, गुंडोअण्णा. हीच दिली होती तुम्ही गेल्या खेपेला, वर म्हणालात, अक्का, पोरगी पोहायला गेली तरी चकती निघायची नाही. पोहायला? माझी राजी वर्गात बसली होती हो, बाकावर! साखर मोजायची चकती, चौदा दिवस दंडाला चिकटून राहायची, ती दुसऱ्या दिवशी गळून पडली — ही बघा, पदरात बांधून आणलीय, घ्या, लावा तुमच्या दंडाला, बघू चिकटते का. हळू कशाला बोलू? ऐकू दे तुमच्या औषधाच्या दुकानाला नि सगळ्या कोरमंगलाला. तुम्हाला वाटतं पडली, नवी लावायची, झालं — अहो, बारा वर्षांची पोर, दोन वर्षं झाली सुया टोचून घेतेय. मी तिकडे पीजीच्या मेसमध्ये साठ जणांच्या पोळ्या लाटते, ते कुणाच्या भरवशावर? ह्या चकतीच्या. साखर उतरली की माझा फोन ओट्यावर बोंबलतो, मी पिठाच्या हातानं शाळेत फोन लावते, बाई तिला साखरपाणी देतात. काल फोन गप्प. मी म्हटलं, आज बरं चाललंय पोरीचं — खुशीत होते हो मी! आणि तिकडे चकती दप्तराखाली नि पोर बाकाखाली. अजून शुद्ध होती म्हणून पाणी तरी गिळलं तिनं.

घरी आल्यावर विचारलं, खाजवलंस ना? ओढलंस ना? नाही म्हणाली. खोटं बोलते म्हणून दिली एक ठेवून. मारू नको तर काय करू? महिन्यातली तिसरी! पडली की आठवडाभर बोटं टोचत बसायचं, रविवारी नवी लावायची, सोमवारी परत तेच. घरात आता एकच उरलीय, ती पडली की मी काम सोडून शाळेच्या फाटकात बसू?

काय? लावते कधी? रविवारी, न्हाणं झाल्यावर. स्वच्छ अंगाला लावते, तुम्हाला काय वाटलं, मळावर लावते? तेल? हो, लावते, न लावून कसं चालेल — चकतीची सुई खुपसून ठेवायची, किती उष्ण होतं अंगाला! एरंडेल कोमट करून डोक्याला, पाठीला, आणि दंडाला तर जास्तच, जिरेपर्यंत चोळते. शिकेकाईनं सगळं काढत नाही, स्वल्प राहू द्यावं अंगात, माझी आई तसंच करायची. मग त्याच दंडावर चकती —

असं काय बघताय?

राजी म्हणत होती. तेल नको आई, नर्सबाईंनी दंड स्पिरिटनं पुसून कोरडा करायला सांगितलाय. मी म्हटलं, चार बुकं काय शिकलीस, मला शिकवायला लागलीस? दर रविवारी म्हणायची. दर रविवारी.

काल बोटं उठली होती गालावर. त्यावरही एरंडेलच लावलं मी.

सरी, सरी, कळलं. पट्टी द्या ती. आणि स्पिरिटचं पाकीट द्या. पिशवी नको. आता तोंड उघडू नका तुम्ही, एक शब्द नको — मागे माणूस उभाय, त्याला काय पाहिजे बघा.