पंपघरातली मोटर जागेवरच आहे

जबाब
दि. ११/०२/२०२५

माझे नाव हवाबी युनूस धनसे, वय ५४, धंदा घरगुती खानावळ, रा. कुंभिवली, ता. खालापूर, जि. रायगड. कुणी बोलावले नसता आज दुपारी साडेबारा वाजता स्वतः ठाण्यात येऊन जबाब लिहून देते की,

मी वरील पत्त्यावर मुलगी अलफिया हिच्यासह राहते. घर बंद पडलेल्या दगडखाणीच्या रस्त्याला आहे. खाणीत साठ-सत्तर फूट पाणी असून तळाला जुने पंपघर आहे. माझे पती युनूस तिथे पंप चालवायचे.

दि. १९/०७/२०११ रोजी सकाळी जोराचा पाऊस होता. मुकादम सुनील याने पतीला पंप चालू करायला खाली पाठवले. ते गमबूट घालून, जेवणाचा डबा घेऊन गेले. दुपारपर्यंत खाण भरली. ते वर आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी खाणीच्या ठेकेदाराने तक्रार दिली की, युनूस मोटर चोरून पळाला. मी त्याच्याकडे जाऊन पाणी उपसा म्हणून पाया पडले. तो म्हणाला, "कशानं उपसू? मोटर तर तुज्याच नवऱ्यानं नेली ना?" तिथे बसलेले सगळे हसले. खाण पुन्हा चालू झाली नाही. अलफियाची दोन स्थळे 'चोराची पोर' म्हणून मोडली. साहेब म्हणतात विषयाला धरून सांगा. विषय हाच आहे, लिहा.

गेली दोन वर्षे पुण्याची मंडळी दर रविवारी खाणीत येतात. पाठीवर हवेची टाकी बांधून तळाला जातात आणि हौस म्हणून पंपघर बघतात. त्यांचा पुढारी स्वराज. सोबत हर्षला नावाची मुलगी असते. दुपारचे जेवण माझ्याकडे. मला 'मावशी, मावशी' करतात. माझे नाव एकानेही कधी विचारले नाही. पहिल्याच महिन्यात मी स्वराजला विचारले होते, "खाली काय दिसतं रं?" तो म्हणाला, "काही नाही मावशी, गाळ आणि मासे."

दि. ०९/०२/२०२५ रोजी दुपारी दोनच्या सुमारास जेवण झाल्यावर स्वराजने गाडीतून एक स्टीलचा डबा आणला. सोबतच्या नव्या पोरांना दाखवून म्हणाला, हा आपला खजिना. मग मला म्हणाला, "मावशी, उरलेलं कालवण यात भरून द्या." डबा घासून चकचकीत केलेला होता. झाकणावर नाव कोरलेले होते, 'हवाबी युनूस, १९९४'. लग्नात मामाने दिलेला डबा. नाव घातल्याशिवाय आमच्यात भांडे देत नाहीत.

मी विचारले, कुठे मिळाला. तो म्हणाला, पंपघरात, दोन वर्षांपूर्वी. मी म्हटले, "हवाबी मीच हाय." मी विचारले, डब्याजवळ आणखी काय होते. स्वराज म्हणाला, थोडी हाडे होती, जनावराची वाटली. तेव्हा हर्षला रडायला लागली. म्हणाली, "खोटं नको ना बोलूस, पायात गमबूट होते."

कोणते जनावर गमबूट घालते साहेब?

मी म्हटले, "मग सांगितलं का नाय रं मेल्यांनो?" स्वराज म्हणाला, सांगितले असते तर खाण बंद केली असती, सरावाला अशी जागा जवळपास दुसरी नाही. मी कालवणाचे पातेले त्याच्या अंगावर ओतले. त्याने तशी तक्रार दिली असल्यास ती खरी आहे. कालवण गरम नव्हते, याचे मला वाईट वाटते.

हर्षलाने मोबाईलमधला व्हिडिओ दाखवला. तो सोबत दिला आहे. त्यात पंपघराचा स्लॅब खाली आलेला दिसतो. मोटर जागेवरच आहे, चारी बोल्ट बसलेले आहेत. पतीने काही चोरलेले नाही. ते कामावर होते.

माझी मागणी अशी की, हाडे वर काढून, तपासून माझ्या ताब्यात द्यावीत. जनाजा पढायचा आहे. या आठवड्यात शबेबरात आहे. सगळे आपापल्या माणसांच्या कबरीवर जातात, मी तेरा वर्षे घरी बसते. चोरीची तक्रार खोटी होती हे ठेकेदाराकडून लिहून घ्यावे.

काल मी इमामसाहेबांना विचारले, इद्दतीला कधी बसू. नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घरात बसायचे असते, त्याच्या नावाने. ते म्हणाले, "आपा, ती मौतीच्या दिवसापासून धरतात. तुमची तेव्हाच सरली." त्या चार महिने दहा दिवसांत मी रोज त्यांचा फोटो घेऊन पनवेल, सुरत, मिरज फिरत होते. भेटेल त्याला विचारत होते, हा माणूस पाहिला का. लोक म्हणायचे, पळालेल्याला कशाला शोधतेस. रात्री मीही त्यांना शिव्या देत होते. माझी इद्दत अशी झाली.

लिहिलेले सर्व मला वाचून दाखवले. मी बोलले तसेच आहे, शिव्यांचे वाक्यही बरोबर आहे, ते खोडू नये.

सही/-
हवाबी युनूस धनसे